बारा कोसांचा हिशेब

बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. कोस साधारण ३ किलोमीटरचा धरला तर बारा कोस म्हणजे ३६ किलोमीटर. वसई रोडला लोकलमध्ये बसलं की ते सांताक्रूझच्या आसपास भरतात. आमच्या वसईतल्या भुईगावच्या पट्ट्यात मात्र भाषेला एवढं चालावं लागत नाही. आम्हा कुपारी ख्रिस्ती लोकांची सामवेदी, वाडवळांची वाडवळी, किनाऱ्याला कोळ्यांची. वाडीचं कुंपण ओलांडलं की हेल बदललाच. म्हण करणारा बहुधा चालता माणूस असावा, कुणी वंजारी, कुणी जासूद. केळी शिंपणाऱ्यानं केली असती तर त्यानं कोसांऐवजी बांध मोजले असते.

शिवाय म्हण एवढंच सांगते की भाषा बदलते. कुणी बदलायची, ते सांगत नाही. भाजी-फुलं घेऊन मुंबईला निघालेल्या लाल लुगड्यातल्या बाया डब्यात आपसांत सामवेदी बोलतात. भाईंदरची खाडी ओलांडली, गर्दी चढली, की त्याच बाया जागेसाठी हिंदीत भांडतात, आणि बाजारात बसल्या की गिऱ्हाइकाशी जपून, शाळेतल्यासारखी मराठी. कोस राहिले बाजूला, समोर कोण उभं आहे त्यावर सगळं. गिऱ्हाईक सुट्टीला भुईगावच्या समुद्रावर येतं तेव्हा त्याची भाषा काही बदलत नाही. तेव्हाही आम्हीच बदलतो.

आडनाव लोपीस किंवा डिमेलो ऐकलं की ठरलेला प्रश्न येतो: घरी इंग्रजी बोलता की पोर्तुगीज? पोर्तुगीज १७३९ साली गेले, चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा. आडनावं राहिली. आम्ही ताठ मानेनं सांगतो, मराठी. जोडीला १६१६ चं ‘ख्रिस्तपुराण’ पुढे करतो. (आमच्या मराठीपणाच्या दाखल्यावर सही गोव्यात आलेल्या एका इंग्रजाची, फादर स्टीफन्सची, ही गंमत निराळीच.) २०२० मध्ये आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. विरोध झाला, धमक्याही आल्या. आम्हाला अभिमान वाटला आणि जरा सुटल्यासारखंही. आता तरी कुणी विचारणार नाही. विचारतातच.

पण ‘घरी मराठी’ हे अर्धंच खरं. घरी सामवेदी. तीही मराठीच, असं म्हणावं तर वर्गात ती तोंडातून निसटली की पोरं हसायची का?

इथे मला आजी आठवते. तिला अक्षरओळख नव्हती. मिस्सा लॅटिनमध्ये असायची आणि त्यातली गाणी तिला तोंडपाठ होती. अर्थ कळत नव्हता, पण बाकावर शेजारी बसलेल्या, सातवी शिकलेल्या बाईलाही तो कळत नव्हता. मग १९६२ ते ६५ ची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि तिच्या मागोमाग मिस्सा मराठीत आली. सगळ्यांना आनंद झाला, आजीलाही. पण बायबलचं वाचन करायला आता गावातली माणसं पुढे जाऊ लागली, म्हणजे वाचता येणारी माणसं. गाण्यांची पुस्तकं आली. आजी आपलं पुस्तक मांडीवर तसंच मिटलेलं ठेवी, वर रोझरी, आणि शेजारणीच्या ओठांकडे बघत अर्धा शब्द मागून गाई. लॅटिनमध्ये ती कधी मागे पडली नव्हती. जी भाषा कुणाचीच नव्हती तिच्यात सगळ्या बाया सारख्या होत्या, आणि ‘आपली’ भाषा आली तशी पहिली ओळ आणि शेवटची ओळ वेगळी झाली.

म्हणून लॅटिन बरी होती का? तसं म्हणवत नाही. माझी आई तेच पुस्तक उघडून वाचायला उभी राहिली, आणि पुढे तलाठ्याकडचा सातबारा तिनं स्वतः वाचला. अंगठ्यापेक्षा सही बरी, हे वसईत जमिनींचे भाव चढू लागल्यावर कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. अर्थात जमिनी विकल्या त्याही पुष्कळदा सही करणाऱ्यांनीच.

आता बोलीतच लिहावं, असं आमच्यातले काहीजण म्हणतात; काही लिहितातही. पण गिरीजचा उच्चार धरायचा की भुईगावचा, हे ठरवणार कोण? शाळा शिकलेलेच. आजीची बोली छापली तरी ती आजीला वाचता आली नसती. बरं, नाही लिहिली तर पोरं इंग्रजी माध्यमातली. त्यांना बोली समजते, उत्तर हिंदीत येतं. त्यांच्यासाठी म्हणून लिहावं तर देवनागरी ती अडखळत वाचतात. मग रोमनमध्ये लिहा ना, असं परवा भाचीनं सुचवलं. मला राग आला. तो नेमका कशाचा, हे तिनं विचारलं तेव्हा मला धड सांगता आलं नाही.