जांबच्या वाटेवरचे प्रतिक्रमण

जालन्याहून अंबडमार्गे घनसावंगीकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन सोबत करीत राहते. कार्तिकात कपाशीची बोंडे उमललेली असतात, तुरीला पिवळा फुलोरा आलेला असतो आणि मधूनच मोसंबीची एखादी गर्द बाग लागते. अंबडला मत्स्योदरी देवीची माशाच्या आकाराची टेकडी दिसते. पुढे घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. शके १५३०, म्हणजे इ.स. १६०८ च्या रामनवमीला येथे सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्माला आला. तोच पुढे समर्थ रामदास झाला आणि गावाच्या नावाला ‘समर्थ’ हे पद कायमचे जोडले गेले.

गेल्या कार्तिकात मी बाईला घेऊन तेथे गेले. आमच्या घरी आईला बाई म्हणण्याची रीत आहे. काचबिंदूने तिची दृष्टी जवळजवळ गेली आहे. त्यामुळे वाटेत काय काय दिसते ते मी सांगत होते आणि ती विचारीत होती, ‘कापूस वेचायला बाया किती आहेत? मोसंबी पिवळी पडली का?’ प्रत्येक प्रश्नासरशी मला पुन्हा खिडकीबाहेर नीट पाहावे लागत होते.

मी व्यवसायाने समुपदेशक आहे आणि ध्यानाची शिबिरेही घेते. तुमची पद्धत कोणती, असे लोक विचारतात. तिचे दोन आधार मी सांगत आले आहे. पहिला मानसशास्त्राचा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. प्रसंगापेक्षा प्रसंगाविषयीचा आपला हट्टी समज आपल्याला अधिक छळतो, हे तिचे सार. ठाण्यात १९९० साली मानसिक आरोग्य संस्था उभी करणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी हा विचार मराठी वाचकाच्या ओळखीच्या भाषेत, संतसाहित्याचा हात धरून समजावला. समर्थांचे मनाचे श्लोक २०५ आहेत आणि त्यांत मनाशी थेट संवाद आहे. मनाला शत्रू न मानता समजुतीने हाक मारावी, हे मी तेथून घेतले.

दुसरा आधार आपल्या आवश्यकांतला, कायोत्सर्गाचा. कायोत्सर्गापूर्वी जो पाठ म्हणतात, त्यात आगार, म्हणजे सवलती, सांगितल्या आहेत: श्वास घेणे, सोडणे, खोकला, शिंक, जांभई, ढेकर, चक्कर. एवढ्याने कायोत्सर्ग भंगत नाही. लहानपणी मी हा पाठ भराभर म्हणून टाकीत असे. शिबिरात अस्वस्थ माणसे येऊ लागली, तेव्हा त्याचा अर्थ कळला. ‘मला ध्यान जमत नाही, सारखा खोकला येतो, विचार येतात,’ असे कोणी म्हटले की मी त्यांना या सवलतींची आठवण देते. ज्यांनी हे व्रत घालून दिले, त्यांनी शरीराची अगतिकता आधीच जमेस धरली होती. स्वतःला थोडी सवलत देता आली की पुष्कळांचा श्वास आपोआप मंदावतो.

या कामाची मर्यादाही मी पहिल्याच भेटीत सांगते. ज्याची झोप आठवडेच्या आठवडे उडाली आहे, ज्याला कानात आवाज ऐकू येतात, ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार आहेत, त्याला प्रथम मनोविकारतज्ज्ञाकडे नेले पाहिजे. औषध घेणे ही साधनेतली कमतरता मानू नये. शासनाची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची मदतवाहिनीही घरात सर्वांना ठाऊक असावी.

हे सारे मी इतरांसाठी करीत होते. बाईसाठी मात्र मी एक ध्वनिमुद्रण करून ठेवले होते. पायाच्या अंगठ्यापासून मस्तकापर्यंत लक्ष कसे न्यावे, हे माझ्या आवाजात वीस मिनिटे सांगितले होते. भाभी रोज तिला ते लावून देई. पुण्याहून फोन केला की मी विचारी, ‘ध्यान झाले का?’ एकदा ती म्हणाली, ‘झाले. पण मोबाइलमधली तू मला काही विचारीत नाहीस.’ त्या वाक्यानंतर मी जालन्याला आले आणि जांबला जायचे ठरले.

राममंदिराच्या उंबऱ्याशी बाई वाकली आणि तिने हाताने दगड चाचपला. राम आपल्या परंपरेलाही परका नाही. विमलसूरींनी ‘पउमचरिय’ या ग्रंथात त्याची कथा पद्म या नावाने, महाराष्ट्री प्राकृतात सांगितली आहे आणि शेवटी तो मोक्षाला जातो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जांबच्या मंदिरातील पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या होत्या. काही महिन्यांत पोलिसांनी त्या शोधून काढल्या. ते ऐकून बाई म्हणाली, ‘परत आले ना, मग झाले.’

जांबची सर्वांत मोठी कथाही परतण्याचीच आहे. परंपरा सांगते, की बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द ऐकताच नारायण निघून गेला. नाशिकजवळ टाकळीला त्याने बारा वर्षे तप केले, पुढची बारा वर्षे तीर्थाटन केले. चोवीस वर्षांनी तो जांबला घराच्या दारात उभा राहिला, तेव्हा राणूबाईंची दृष्टी गेली होती. त्याने डोळ्यांवरून हात फिरवताच त्यांना दिसू लागले, असे भाविक मानतात. मग त्याने आईला भागवतातील कपिलगीता समजावली. कपिलमुनींनी आपली माता देवहूती हिला केलेला तो उपदेश आहे.

काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही, हे मला ठाऊक होते. माझ्या हातात तसा स्पर्श नाही. मला त्या कथेतला पुढचा भाग अधिक जवळचा वाटला: जगाला उपदेश करण्याआधी तो आईजवळ येऊन बसला. कथेत आणखी दोन माणसे आहेत, त्यांच्याकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. थोरले बंधू गंगाधरपंत, ज्यांना श्रेष्ठ म्हणत, आणि त्यांची पत्नी. एक जण निघून गेला, तेव्हा हे दोघे घरीच होते.

बाईला मी विचारले, ‘तो सांगून गेला असता तर?’ ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने आपल्याकडची कथा काढली. पर्युषणात कल्पसूत्राच्या वाचनात दरवर्षी ऐकलेली. मातेला क्लेश होऊ नयेत म्हणून वर्धमान गर्भात निश्चल झाले. त्रिशलामातेला वाटले, गर्भाचे काही बरेवाईट झाले, आणि ती शोक करू लागली. ते जाणून त्यांनी किंचित हालचाल केली, आणि आईवडील हयात असेपर्यंत दीक्षा घ्यायची नाही, असा संकल्प तेथेच केला. पुढे थोरले बंधू नंदिवर्धन यांच्या शब्दाखातर ते आणखी दोन वर्षे थांबले. कथा संपवून बाई म्हणाली, ‘भगवंतांनीसुद्धा आईला त्रास नको म्हणूनच हालचाल थांबवली होती. पण आईला कळायला नको का, की तू आहेस?’

मीही तेच केले होते. तिला रोज फोनचा, प्रश्नांचा त्रास नको म्हणून मी माझा आवाज बंद डबीत भरून दिला होता. चांगल्या हेतूने केलेल्या माझ्या त्या निश्चलतेने तिला मात्र एकटे पाडले.

प्रतिक्रमण या शब्दाचा अर्थच मागे फिरणे, आपली मर्यादा सोडून दूर गेलेल्याने स्वस्थानी परत येणे असा आहे. आता माझी पद्धत कोणी विचारली, तर मी हाच शब्द सांगते. समोरच्या माणसाने स्वतःच्या श्वासाकडे, देहाकडे आणि ज्याच्याशी बोलणे राहून गेले त्याच्याकडे परतावे, एवढीच माझी खटपट असते. पहिल्या भेटीत मी एक प्रश्नही वाढवला आहे: तुमच्यासाठी घरी कोण थांबले आहे, आणि त्यांच्याकडे कोण बघते?

आमच्या घरी त्याचे उत्तर भाभी आहे. उरलेसुरले दिसते तेवढे टिकावे म्हणून ती ठरल्या वेळी बाईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालते. कित्येक वर्षांत ती माहेरी सलग चार दिवस राहिली नव्हती. जांबहून आल्यापासून मी दर महिन्याला एक आठवडा जालन्यात असते. त्या आठवड्यात थेंब मी घालते आणि भाभी माहेरी जाते. यंदाच्या संवत्सरीला सकाळी उठून पहिले ‘मिच्छामि दुक्कडम’ मी तिला म्हटले. तिने हातातली पोळी तव्यावर टाकली, हात जोडले आणि म्हणाली, ‘ताई, दुपारचे थेंब विसरू नका.’