कोर्टाशेजारची खुर्ची

आमच्या सेलूत ‘टेनिस’ म्हटलं की लोकांना चेंडू आठवतो, खेळ आठवत नाही. हिवाळा लागला की चौकाचौकांत ‘भव्य टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा’ असे फ्लेक्स झळकतात. मागे मी सातवीच्या मुलांना आवडत्या खेळावर चार ओळी लिहायला दिल्या होत्या. एकाने उर्दूत छान अक्षरात लिहिलं, टेनिस अकरा जणांचा खेळ असून तो तीन स्टम्पांसमोर खेळतात. त्याचं काय चुकलं? त्याने पाहिलेलं टेनिस तेच होतं.

खरं टेनिस आमच्या घरात आलं ते परभणीच्या भाईजानमुळे. ते सरकारी नोकरीत आहेत. त्यांच्या वसाहतीत सिमेंटचं एक जुनं कोर्ट आहे, भेगांतून गवत उगवलेलं. तिथे एक निवृत्त साहेब पहाटे मुलांना शिकवतात, फी घेत नाहीत. माझी भाची नऊ वर्षांची असताना कोणाची तरी जुनी रॅकेट घेऊन तिथे गेली आणि रमली. आज ती तेरा वर्षांची आहे. फजरची नमाज झाली की बूट बांधते, सात वाजता परत येते, मग शाळा. परभणीच्या उन्हाळ्यात दुसरी वेळ परवडतही नाही.

गेल्या वर्षी घरात प्रश्न निघाला की आता पुढे काय. अम्मी म्हणाली, “लडकी बडी हो गई, अब बस करो.” भाईजानना खर्चाची काळजी. भाभीचं म्हणणं, खेळू दे, पण गावोगाव एकटीने कशी जाणार? आमच्यासारख्या घरांत मुलींचा खेळ याच वयात सुटतो. कोणी रागाने बंद करत नाही. दोन परीक्षा येतात, एक लग्न येतं, रमजान येतो आणि रॅकेट कपाटावर जाते.

मला मात्र भाचीचं म्हणणं ऐकायचं होतं. ती तीन-चार स्पर्धांत पहिल्याच फेरीत हरली होती आणि घरी येऊन दोन-दोन दिवस बोलत नव्हती. मी विचारलं, “हरण्याचं एवढं वाईट वाटतं का?” ती म्हणाली, “हरण्याचं नाही, फुफी. तिथं कोणीच नसतं.”

तिचं बोलणं समजायला मला वेळ लागला. कबड्डीत, खो-खोत, क्रिकेटमध्ये चुकलेल्या मुलाच्या पाठीवर कोणीतरी थाप मारतं. टेनिसच्या एकेरीत मूल जाळीच्या आत एकटं असतं. छोट्या स्पर्धांत पंचही नसतो. चेंडू आत पडला की बाहेर, हे मुलांनीच सांगायचं. समोरच्या मुलीने आत पडलेल्या चेंडूला ‘आउट’ म्हटलं तर भांडायचंही एकटीनेच. सामना चालू असताना प्रशिक्षकाने खेळाडूशी बोलायचं नाही, असा या खेळाचा वर्षानुवर्षांचा नियम. अलीकडे तो काहीसा सैल झालाय, पण भाचीसोबत प्रशिक्षक जातोच कुठे? तेराव्या वर्षी दीड-दोन तास स्वतःच स्वतःला धीर द्यायचा. आपल्यापैकी किती मोठ्यांना ते जमेल?

त्यानंतर मी या खेळाबद्दल वाचायला लागले. मुलांच्या टेनिसची एक दुसरी बाजूही आहे, ती मला माहीत नव्हती. जागतिक टेनिस महासंघ मुलांसाठी देशादेशांच्या सांघिक स्पर्धा घेतो. चौदा वर्षांपर्यंतच्या मुला-मुलींसाठी ‘वर्ल्ड ज्युनियर टेनिस’ 1991 पासून आहे. आधी आपापल्या खंडात पात्रता फेरी होते, आपला भारत आशिया-ओशनिया गटात. मग मुलांचे सोळा आणि मुलींचे सोळा संघ चेक प्रजासत्ताकातल्या प्रोस्तेयोव्ह या गावी जमतात. सोळा वर्षांपर्यंतची स्पर्धा त्याहून जुनी, 1985 ची. मुलांच्या स्पर्धेला ज्युनियर डेव्हिस कप म्हणतात आणि मुलींच्या स्पर्धेला ज्युनियर बिली जीन किंग कप. 2002 मध्ये ज्युनियर डेव्हिस कप जिंकणाऱ्या स्पेनच्या संघात सोळा वर्षांचा राफेल नादाल होता.

या स्पर्धांची रचना मला शिक्षिका म्हणून फार आवडली. संघात फक्त तीन मुलं असतात. एका लढतीत दोन एकेरी आणि एक दुहेरी सामना. पहिली हरली तरी दुसरी बरोबरी साधू शकते आणि मग दोघी मिळून दुहेरी खेळतात. शिवाय कोर्टाच्या आतच, जाळीजवळ, एक खुर्ची असते. तिच्यावर न खेळणारा कर्णधार बसतो. दर दोन गेमनंतर मूल घाम पुसायला येतं तेव्हा कर्णधार त्याच्याशी बोलू शकतो, पाण्याची बाटली देऊ शकतो, काहीच न बोलता नुसता शेजारी बसू शकतो. खेळ तोच, चेंडू तोच. फक्त एक खुर्ची वाढली.

हे मी भाचीला सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न केला, “आपल्याकडची कोणी तिथपर्यंत गेलीय का?”

आपल्याकडची म्हणजे पुण्या-मुंबईची नव्हे, हे मला कळलं. मी तिला बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेबद्दल सांगितलं. बार्शी सोलापूर जिल्ह्यात असली तरी मराठवाड्याच्या उंबरठ्यावरच आहे. तिथली ज्वारी आणि आपली ज्वारी सारखीच. 1994 साली जन्मलेली ही मुलगी 2014 मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर दुहेरी खेळली आणि दोघींनी कांस्यपदक आणलं. 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकलाही ही जोडी उतरली. पहिल्या फेरीत हरल्या, पण बार्शीची मुलगी ऑलिम्पिकच्या कोर्टावर उभी राहिली. 2025 च्या एप्रिलमध्ये पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीला बिली जीन किंग कपची आशिया-ओशनिया गटाची लढत झाली. भारताचा संघ दुसरा येऊन पुढे गेला आणि त्या संघातही प्रार्थना होती. अकरा वर्षं देशाच्या संघात टिकणं ही मला पदकापेक्षा मोठी गोष्ट वाटते. श्रीरामपूरला जन्मलेली ऋतुजा भोसले तर 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. लक्षात घ्या, ही सगळी पदकं दुहेरीची आहेत.

सानियाचं नाव आमच्या अम्मीलाही ठाऊक आहे. परभणीहून हैदराबाद म्हणजे एका रात्रीचा प्रवास. आमच्या आधीच्या पिढीची सरकारदरबारची राजधानी तीच होती आणि आजही निम्म्या परभणीचे नातेवाईक तिथे सापडतील. सानियाने सुरुवातीला शेणाने सारवलेल्या कोर्टावर खेळ शिकला, हे ती स्वतः सांगत आलीय. अम्मीला हे ऐकून फार नवल वाटलं. “सारवलेल्या अंगणात तर आम्हीही खेळलो,” म्हणाली. 2003 मध्ये, सोळाव्या वर्षी, तिने रशियाच्या अलिसा क्लेबानोव्हाबरोबर विम्बल्डनची मुलींची दुहेरी जिंकली. पुढे मूल झाल्यावर ती पुन्हा कोर्टावर आली. 2020 मध्ये दुबईत फेड कपची लढत होती, तेव्हा तिचा दीड वर्षाचा मुलगाही सोबत होता. भारतीय मुलींचा संघ त्या वर्षी पहिल्यांदाच प्ले-ऑफपर्यंत पोचला आणि सानियाला फेड कपचा ‘हार्ट’ पुरस्कार मिळाला. संघात ऋतुजाही होती.

कपड्यांचा विषय घरात निघणारच होता, निघाला. 2005 साली सानियाच्या स्कर्टवरून देशभर किती गदारोळ झाला होता, ते वाचकांना आठवत असेल. ज्यांनी तिची एकही मॅच पाहिली नव्हती तेही त्या वादात होते. मला त्यात शिरायचं नाही. आमच्यापुरता प्रश्न सोपा निघाला. महिलांच्या व्यावसायिक टेनिसने 2019 च्या हंगामापासून नियमातच लिहिलं आहे की स्कर्ट न घालता नुसती लेगिंग घालून खेळता येतं. भाची पायघोळ लेगिंग, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल घालून खेळते. तिला कोणी अडवलेलं नाही. आणि हा खेळ ‘आपला’ नाही, असं म्हणणाऱ्या एका काकांना मी सांगितलं की 1921 मध्ये भारताचा पहिला डेव्हिस कप संघ गेला त्यात लाहोरचे बॅरिस्टर मोहम्मद सलीम आणि मुंबईचे फैजी होते आणि त्या संघाने पॅरिसमध्ये फ्रान्सला हरवलं होतं. 1939 मध्ये विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचलेला पहिला भारतीय होता गौस मोहम्मद. काका म्हणाले, “अच्छा? हे पुस्तकात का नाही?” मी तर शिक्षिका, मला काय विचारता!

खर्चाचा प्रश्न मात्र एवढा सोपा नाही. देशाच्या संघात जायचं तर अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या क्रमवारीत वर यावं लागतं. त्यासाठी नोंदणी करायची, मग टॅलेंट सीरिज, चॅम्पियनशिप सीरिज, सुपर सीरिज, नॅशनल सीरिज अशी पायरी-पायरीने स्पर्धा खेळायची. 12, 14, 16 आणि 18 वर्षांखालचे गट असतात. प्रत्येक स्पर्धा म्हणजे दोन माणसांचं तिकीट, राहणं, जेवण, प्रवेश फी. हरलात तर दुसऱ्या दिवशी परत. रॅकेटच्या तारा तुटतात, चेंडू मऊ पडतात, बुटांचे तळवे चार महिन्यांत झिजतात. पुण्याचा मानस धामणे पंधराव्या वर्षी, 2023 च्या जानेवारीत, बालेवाडीला व्यावसायिक खेळाडूंच्या स्पर्धेत उतरला. तो इटलीतल्या अकादमीत सराव करत होता. आम्ही इटलीचं नाव काढणार नाही. आम्ही हिशेब मांडला तो वर्षाला चार स्पर्धांचा. दोन जवळच्या, एक पुण्याची, एक सुट्टीत हैदराबादची, कारण तिथे खालाच्या घरी राहता येतं. शालेय क्रीडा स्पर्धा वेगळ्या. एवढं भाईजानच्या पगारात बसतं. फ्रिज बदलायचा होता, तो राहिला.

खुर्चीचं मात्र डोक्यातून जाईना. देशाचा संघ फार दूर, पण तीन मुली आणि एक खुर्ची एवढं तर आपण जमवू शकतो? मी शाळेच्या मैदानात चुन्याने कोर्ट आखलं. लहान मुलांसाठी पूर्ण कोर्ट लागतच नाही. मोठं कोर्ट 23.77 मीटर लांब असतं, लहानांचं साधारण 11 मीटर पुरतं. जाळी 80 सेंटिमीटर उंच. चेंडूही वेगळे असतात. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा 75 टक्के हळू, नारिंगी 50 टक्के, हिरवा 25 टक्के. 2012 पासून तर दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरायचाच नाही, असा जागतिक नियम आहे. मी लाल चेंडूंचं एक पाकीट मागवलं. जाळी म्हणून दोन खांबांना जुनी ओढणी बांधली, ती अजून टिकून आहे.

दर दुसऱ्या रविवारी भाची परभणीहून येते. सहा मुली आहेत, त्यांचे दोन संघ पाडतो. दोन एकेरी, एक दुहेरी, अगदी तिकडच्यासारखं. मुख्याध्यापकांच्या खोलीतली एक प्लास्टिकची खुर्ची मैदानात येते. कर्णधार पाळीपाळीने. पाचवीतली एक मुलगी कर्णधार झाली तेव्हा खेळणारीला काय सांगावं ते तिला सुचेना. तिने आपल्या डब्यातले शेंगदाणे पुढे केले. भाची हसत सुटली. पहिल्या एकेरीत 1-6 ने हरलेली मुलगी दहा मिनिटांनी दुहेरीला उतरली तेव्हा रडत नव्हती, जोडीदारणीला सांगत होती की समोरचीचा डावा हात कच्चा आहे.

पुढच्या महिन्यात पुण्याची स्पर्धा आहे. सोबत कोण जाणार, यावर घरात बरीच चर्चा झाली. भाईजानना रजा नाही, माझ्या शाळेत चाचणी परीक्षा. शेवटी भाभी म्हणाली, “मी जाते.” ती आजवर परभणीच्या पुढे एकटी कधी गेलेली नाही. कोर्टाच्या आतली खुर्ची तिला मिळणार नाही, ती जाळीबाहेर बसेल. पण निदान काय चाललंय ते कळलं पाहिजे म्हणून सध्या रात्री भाकरी करता करता ती गुण मोजायला शिकतेय. परवा फोनवर ऐकलं मी.

“शून्य, पंधरा, तीस... मग पंचेचाळीस ना?”

“नाही अम्मी, चाळीस.”

“का गं? पाच कुठं गेले?”

“तसंच असतं, अम्मी. पुढं म्हण.”