काकींची ताल

मृदाशास्त्राची पदवी मला राहुरीच्या कृषी विद्यापीठाने दिली. उतारावरची माती धरून कशी ठेवायची, ते मात्र अकोले तालुक्यातल्या एका काकींनी शिकवलं.

हरिश्चंद्रगडाच्या अंगाला त्यांची पायऱ्यापायऱ्यांची शेती होती. वरच्या टप्प्यांवर नाचणी-वरई, खाली भाताची खाचरं. मी प्रबंधासाठी मातीचे नमुने घ्यायला गेलो. ओळख ना पाळख, तरी काकींनी ओसरीवर पथारी टाकून दिली आणि जेवायला घरातलाच समजून हाक मारली. पुढे प्रत्येक खेपेला मुक्काम तिथेच.

घाटघर-रतनवाडीच्या त्या पट्ट्यात पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात बायाबापड्यांना हंडाभर पाण्यासाठी डोंगर तुडवावा लागतो. पाणी थांबत नाही, जाताना माती घेऊन जातं. म्हणून काकी मे महिन्यात ताली, म्हणजे टप्प्यांना धरणारे दगडी बांध, सांधायला बसायच्या. ढासळलेले दगड काढून पुन्हा रचायचे, तोंड किंचित डोंगराकडे कलतं ठेवायचं, फटींत कपच्या ठोकायच्या. चिखल-सिमेंट काही नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "पाण्याला वाट ठेव बाळा, न्हाईतर ते ताल घेऊनच जाईल." माती अडली पाहिजे आणि पाणी झिरपलं पाहिजे, हा सगळा हिशेब त्या वाक्यात होता.

तालीवरच्या मारवेल गवताला आणि निरगुडीला त्या कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. गुरांसाठी गवत विळ्याने कापायचं, उपटायचं नाही. शेजारच्या उघड्या उतारावर दरसाल वणवा लागे, तिथे मुरूम वर आला होता.

मी दोन्हीकडची माती प्रयोगशाळेत आणली. १०५ अंशांवर २४ तास वाळवून ओलावा मोजला. कर्बासाठी वॉकली-ब्लॅकची जुनी पद्धत होती. शेवटच्या थेंबाला निळसर द्रावण एकदम हिरवं होतं, ते मी श्वास रोखून बघायचो. सेंद्रिय कर्ब ०.५० टक्क्यांच्या खाली असला की माती कर्बाने गरीब समजतात. उघडा उतार त्या रेषेच्या बराच खाली होता. तालीलगतची माती वर होती, आणि ओलही तिच्यातच जास्त.

कारणं पुस्तकात होती, पण मला ती काकींच्या शेतात दिसली. वाहतं पाणी तालीशी मंदावतं, बारीक गाळ आणि पालापाचोळा तिथेच बसतो. गवताची मुळं दरवर्षी थोडी मरतात, मातीतच कुजतात. त्या कर्बाने कण एकमेकांना धरतात, मधल्या पोकळीत पाणी राहतं, आणि पाणी राहिलं की पुन्हा मुळं वाढतात. कापणीनंतर काकींनी ढेकूळ मुठीत दाबून माझ्यापुढे धरलं होतं. बोटांचे ठसे त्यावर तसेच राहिले. आत गांडुळांची विष्ठा आणि केसासारखी मुळं होती. तोवर कर्ब हा माझ्यासाठी तक्त्यातला एक रकाना होता.

काकी आता नाहीत. मला कोणी जाणकार म्हणतं तेव्हा त्यातला मोठा वाटा त्यांचा असतो, आणि ते ऋण फेडायचा एकच मार्ग मला ठाऊक आहे. ज्यांची शेतं डोंगरउतारावर आहेत त्यांना हात जोडून सांगतो: पावसाआधी ताली सांधून घ्या, आणि त्यांच्यावरचं गवत पेटवू नका.