उमेदवारीचे गाव

केंटकी हे नाव आपल्याकडे पोहोचले ते तळलेल्या कोंबडीच्या पाठीवर बसून. एखाद्या मुलखाची ओळख खाण्यापासून व्हावी यात गैर काही नाही. आपल्याही कित्येक गावांची कीर्ती पेढ्यांवर नि चिवड्यावर उभी आहे. पण केंटकीत कोंबडीपलीकडे पुष्कळ काही आहे, आणि त्यातले जे मला सर्वांत अधिक भावले ते पाहायला कोणी प्रवासी मुद्दाम जात असेल असे वाटत नाही.

२०१९ च्या उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या मावसभावाकडे लेक्सिंग्टनला महिनाभर राहण्याचा योग आला. सिनसिनाटीच्या विमानतळावर उतरले. मौज अशी की, शहर ओहायो राज्यात आणि त्याचे विमानतळ मात्र नदीच्या अलीकडे, केंटकीत! तेथून दक्षिणेकडे मोटारीने निघाले की तासाभरात देखावा पालटतो. हळुवार चढउतारांच्या हिरव्या टेकड्या, त्यांवरून धावणारी काळी-पांढरी लाकडी कुंपणे, आणि कुंपणाआड चरणारे, अंगावर ऊन चमकणारे घोडे. या प्रदेशाला ‘ब्लूग्रास’ म्हणतात, पण गवत काही निळे नसते. जमिनीखाली चुनखडीचा दगड आहे. त्याचा अंश पाण्यात उतरतो, पाण्यातून गवतात आणि गवतातून घोड्यांच्या हाडांत. इथल्या शर्यतीच्या घोड्यांच्या दणकटपणाचे श्रेय लोक या दगडाला देतात.

लेक्सिंग्टनच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर जॉर्जटाउन हे गाव लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस एलायजा क्रेग नावाच्या एका धर्मोपदेशकाने ते वसवले. रॉयल स्प्रिंग नावाचा मोठा झरा तेथे आहे. त्याच्या आधाराने या गृहस्थाने गिरण्या चालवल्या, कागद तयार केला आणि शिवाय शाळाही काढली. केंटकीच्या प्रसिद्ध बर्बन मद्याचा जनकही तोच, अशी दंतकथा आहे. ती खरी मानायला मात्र इतिहासकार तयार नाहीत. मला मद्यापेक्षा त्याची शाळा अधिक महत्त्वाची वाटली. एकाच माणसाच्या हातून एकाच गावात गिरणी आणि शाळा उभी राहावी, हा या मातीचा पुढचा शकुन होता की काय कोण जाणे!

कारण या गावाबाहेर टोयोटाचा अवाढव्य कारखाना आहे. १९८८ साली त्यातून पहिली कॅम्री मोटार बाहेर पडली. अशा कारखान्यात यंत्रे आणि यंत्रमानव पुष्कळ; पण ती बिघडली की दुरुस्त करणारा माणूसच लागतो. त्याला वीज समजली पाहिजे, तेलाच्या दाबाने चालणाऱ्या नळ्या समजल्या पाहिजेत, वेल्डिंग आले पाहिजे आणि संगणकाची आज्ञावलीही वाचता आली पाहिजे. जुने जाणते कारागीर निवृत्त होऊ लागले आणि नवे मिळेनात. पदवीधर होते, त्यांना पान्ह्याची सवय नव्हती. पाना चालवणारे होते, त्यांना आज्ञावली वाचता येत नव्हती. तेव्हा २०१० साली कारखान्याने शेजारच्या ब्लूग्रास कम्युनिटी अँड टेक्निकल कॉलेजशी हातमिळवणी केली. त्यातून पुढे इतर कारखान्यांना सामील करून घेत जी संघटना उभी राहिली, तिच्या लांबलचक नावाची आद्याक्षरे जुळवली की ‘फेम’ हा शब्द होतो. फेम म्हणजे कीर्ती. वेल्डिंग शिकणाऱ्या पोराच्या सदऱ्यावर ‘कीर्ती’ लिहिलेली असावी, ही कल्पना मला तरी फार गोड वाटली.

योजना सांगायला सोपी आहे. आठवड्यातले दोन दिवस विद्यार्थी कॉलेजात शिकतो आणि तीन दिवस कारखान्यात काम करतो. कामाचे तासावर दाम मिळतात. पाच सत्रांचा हा क्रम दोन वर्षांच्या आतच पुरा होतो आणि दोन वर्षांची म्हणून ओळखली जाणारी सहयोगी पदवी हाती पडते. कॉलेजची फी बहुधा त्याच पगारातून भागते. ज्या देशात पदवीबरोबर कर्जाचे गाठोडेही घेऊन मुले बाहेर पडतात, तेथे ही गोष्ट लहान नव्हे.

मी तेथे गेले ती कुतूहल म्हणून नव्हे. मावसभावाचा धाकटा मुलगा या योजनेत होता, आणि घरात त्यावरून शीतयुद्ध चालू होते.

माझा भाऊ पुण्यात इंजिनियर झालेला. पस्तीस वर्षांपूर्वी वडिलांनी कर्ज काढून त्याला अमेरिकेला धाडले. थोरली मुलगी मोठ्या विद्यापीठात गेली. धाकट्याने मात्र बारावीनंतर सरळ सांगितले की, मला चार वर्षे बाकावर बसायचे नाही. त्याने कॉलेजात अर्ज केला, एका कारखान्यात मुलाखत दिली आणि तो कामाला लागला. वहिनी म्हणाल्या, “पोर पहाटे न उठवता उठते, याहून काय हवे?” भाऊ काही म्हणाला नाही, आणि हेच अवघड होते. एका मराठी कुटुंबात आम्ही जेवायला गेलो असता यजमानांनी विचारले, “धाकटे चिरंजीव काय करतात?” भाऊ म्हणाला, “कॉलेजात आहे.” मुलगा शेजारीच होता. त्याने शांतपणे वाक्य पुरे केले, “दोन दिवस. उरलेले तीन दिवस कारखान्यात यंत्रे दुरुस्त करतो.” मग बराच वेळ सर्वांनी श्रीखंडाची स्तुती केली.

दुसऱ्या दिवशी मी पोराला म्हटले, “मला तुझे कॉलेज दाखव.” तो म्हणाला, “आत्या, वेळेवर निघावे लागेल. तिथे उशीर चालत नाही.”

खरोखरच चालत नाही. वर्गाचा दिवस कारखान्याच्या पाळीसारखा आठ तासांचा. उन्हाळ्यातही सत्र चालू, सुटी नाही. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली. पक्कड जागेवर नसेल तर तिची रिकामी सावली लांबूनही दिसते. कारखान्यात कामाला लागणाऱ्या सवयी इथे अभ्यासक्रमाचाच भाग आहेत: सुरक्षितता, जागच्या जागी वस्तू, अडचणीच्या मुळाशी जाणे. आणि मला भाषेच्या प्राध्यापिकेला आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. ही मुले नुसते बोल्ट आवळत नाहीत. गणिताबरोबर निबंधलेखन आणि भाषणकला याही विषयांत त्यांना उत्तीर्ण व्हावे लागते. उभे राहून, चार लोकांना कळेल असे आपले काम समजावून सांगणे हे त्यांच्या शिक्षणाचे अंग आहे. यंत्र बिघडले की मुकादमाला, इंजिनियरला, मालकाला काय झाले ते सांगावे लागणारच. ते धड सांगता आले नाही तर दुरुस्तीही अर्धीच!

या भाषणाची तालीम एका संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात झाली. श्रोते दोघेच, मी आणि भाऊ. विषय, सरकत्या पट्ट्याच्या मोटारीचे बेअरिंग पुन्हा पुन्हा का जाते. मुलाने आकृत्या दाखवल्या. बेअरिंग का गेले? ग्रीस नव्हते. ग्रीस का नव्हते? भरले गेले नाही. का भरले नाही? येथे भावातला इंजिनियर जागा झाला. त्याने विचारले, “पत्रक असेल ना ग्रीस भरण्याचे? मग माणूस टाळतो का?” मुलगा थांबला आणि म्हणाला, “माहीत नाही. उद्या यंत्रापाशी जाऊन बघतो.”

भाऊ त्यावर काही बोलला नाही. रात्री मात्र मला म्हणाला, “अगं, ‘माहीत नाही’ असे मी माझ्या परीक्षेत कधी लिहिले नाही. माहीत नसले तरी दोन पाने लिहीत असे.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगा दारातूनच म्हणाला, “बाबा, ग्रीस भरायचे तोंड जाळीच्या आत आहे. जाळी काढायची तर पट्टा थांबवावा लागतो. पट्टा थांबवायला कोणी तयार नसतो.” भाऊ म्हणाला, “मग नळी जोडून तोंड जाळीच्या बाहेर आणा की!” मुलगा हसून म्हणाला, “तेच सुचवले आहे.” त्या दिवशी बापलेक रात्री उशिरापर्यंत कागदावर रेघोट्या ओढत बसले होते. वहिनींनी दोनदा जेवायला हाक मारली.

अमेरिकेला या कल्पना नवीन नाहीत. तेथले पहिले सार्वजनिक दोन वर्षांचे कॉलेज इलिनॉयमधील जोलिएट येथे १९०१ साली निघाले आणि उमेदवारीचा राष्ट्रीय कायदा १९३७ साली झाला. पण कित्येक वर्षे कॉलेज एका वाटेने आणि कारखाना दुसऱ्या वाटेने जात होता. दोन्ही वाटा एका मुलाच्या एका आठवड्यात आणून बसवणे, ही इथली करामत आहे. मी परतल्यानंतर २०१९ मध्येच टोयोटाने या योजनेची सूत्रे उत्पादकांच्या एका राष्ट्रीय संस्थेकडे सोपवली. डझनाहून अधिक राज्यांत तिचा विस्तार झाला आहे. २०२० साली केंटकीच्या विद्यार्थ्यांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शंभरातले सुमारे ८० विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करतात असे दिसले, आणि पाच वर्षांनंतर त्यांची वार्षिक मिळकत ९८ हजार डॉलरांच्या घरात होती. तत्सम शिक्षण घेतलेल्या इतरांची ५३ हजारांच्या आसपास.

आकडे पाहून एकदम भारावून जाऊ नये. ही मुले निवडून घेतलेली असतात. मुलींची संख्या अगदी थोडी. कारखाने जितक्या जागा देतील तितक्यांनाच दार उघडते; धंदा मंदावला की जागाही आखडतात. पुढे नोकरी बहुधा मिळते, पण तिची हमी नसते. आणि मालकाच्या मर्जीवर शिक्षण टांगलेले असणे केव्हाही जोखमीचेच. तरीसुद्धा एक गोष्ट उरतेच. येथे हातांना आणि डोक्याला वेगवेगळ्या पंक्तीत बसवलेले नाही.

आपल्याला हे परके वाटायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र गरिबांच्या मुलांना दिला. उमेदवारांचा कायदाही आपण १९६१ सालीच केला. पण आपल्याकडे कमावून शिकणे म्हणजे नाइलाज, असा समज घरोघर बसला आहे. ज्याला परवडते तो नुसता शिकतो. जॉर्जटाउनला मी पाहिली ती मुले नाइलाजाने आली नव्हती. काहींना दुसरीकडेही प्रवेश मिळाला असता.

आमच्या भाषेत या शिकाऊपणाला फार सुंदर शब्द आहे: उमेदवारी. फारसीतून आलेल्या ‘उमेद’ म्हणजे आशा या शब्दापासून तो झाला. उमेदवार म्हणजे ज्याच्यापाशी आशा आहे तो. आज हा शब्द आपल्याला निवडणुकीच्या दिवसांतच आठवतो. माझ्या वर्गात तृतीय वर्षाला साठ मुले बसतात. ‘पुढे काय?’ असे विचारले की निम्मी खिडकीबाहेर पाहतात. त्यांच्यापाशी पदवी असेल; उमेद असेलच असे नाही.

ती आणायला निळे गवत लागत नाही की अवाढव्य कारखानाही लागत नाही. लागते ते एवढेच, की कारखानदार, कॉलेज आणि घर या तिघांनी एका टेबलाशी बसावे. पहिले दोघे फायद्यासाठी का होईना, कधीतरी बसतील. तिसऱ्याला आणून बसवणे सर्वांत कठीण. कारण तेथे प्रश्न पैशाचा नसतो, चार लोकांत काय सांगायचे याचा असतो.

पुतण्याचे शिक्षण २०२० च्या मे महिन्यात संपले. साथीचे दिवस होते, समारंभ झाला नाही. वहिनींनी घरीच शिरा केला. आता तो त्याच कारखान्यात आहे आणि नव्या मुलांना शिकवतो. गेल्या दिवाळीला भावाचा फोन आला तेव्हा पलीकडे कोणी पाहुणे होते, आणि भाऊ त्यांना काही सांगत होता. मला एवढेच ऐकू आले: “...तर ग्रीसचे तोंड होते जाळीच्या आत!”