बदलापूरचा उन्हाळा आणि पुतणीचा लॅपटॉप

मे महिन्यात मुंबईचा पारा चौतीसच्या आसपास रेंगाळत असतो, तेव्हा बदलापूर कैकदा चाळिशी ओलांडून बसलेलं असतं. समुद्रावरचा वारा इथवर पोचेपर्यंत दुपार कलते. लॅपटॉपचा पंखा तरी काय करणार? तो आसपासचीच हवा आत फिरवतो. खोली दहा अंशांनी तापली, की आतली चिपही साधारण तेवढीच जास्त तापते.

तर झालं असं, की पुतणीचं डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, मोबाइल ॲपचा प्रोजेक्ट द्यायला आठ दिवस, आणि लॅपटॉपची झालेली गोगलगाय. दादाने उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका दुकानात दाखवला. "मदरबोर्ड गेला, नऊ हजार!" दादा अंबरनाथच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला. ऐकून गप्पच झाला. मी म्हटलं, आधी यंत्रालाच विचारू या.

लिनक्सचं मला हेच आवडतं, विचारलं की सांगतं. 'सेन्सर्स' हा आदेश दिला. उत्तर आलं, ५२ अंश. म्हणजे ताप नाहीच! पण प्रोसेसरचा वेग पाहिला तर ४०० मेगाहर्ट्झवर खिळलेला. गव्हर्नर 'परफॉर्मन्स'वर ठेवला तरी ढिम्म. म्हणजे लगाम सॉफ्टवेअरच्या हातात नव्हता.

सहज चार्जर काढला आणि वेग एकदम अडीच गिगाहर्ट्झच्या पुढे! चार्जर निघाला डुप्लिकेट. काही लॅपटॉपांत चार्जर मधल्या बारीक पिनेतून आपली ओळख आणि वॉट सांगतो. ओळख पटली नाही, की लॅपटॉप वीज पुरणार नाही असं धरून प्रोसेसरला दाबून ठेवतो. उल्हासनगरच्याच बाजारात सातशे रुपयांत जुना पण अस्सल चार्जर मिळाला.

आता गंमत बघा. वेग आला आणि त्याबरोबर ताप आला. ॲपचं बिल्ड लावल्यावर दहा मिनिटांत ९६ अंश, आणि पुन्हा गोगलगाय! इंटेलचे बरेचसे प्रोसेसर शंभरच्या आसपास पोचले की जीव वाचवायला आपणच वेग उतरवतात. कर्नल त्याची मोजदादही ठेवतो. 'कोअर थ्रॉटल काउंट' नावाच्या फाइलमधला आकडा आमच्या डोळ्यांदेखत वाढत होता. म्हणजे हा दुसरा आजार पहिल्याच्या आड लपलेला होता. चिप ४०० वर रांगत होती तोवर तापणार कशाने?

खालचं झाकण उघडलं. पंखा आणि जाळी यांच्यामध्ये धुळीची चक्क गादी बसलेली, आणि चिपवरची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. ब्रश मारला, नवी पेस्ट लावली. भर दुपारी बिल्ड लावून पाहिलं, ८१ अंश. थ्रॉटलचा आकडा अर्धा तास जागचा हलला नाही.

दादाला त्या दुकानात जाऊन भांडायचं होतं. पुतणी म्हणाली, "बाबा, आधी मला प्रोजेक्ट करू दे."