ओलीची रेघ

आज नरसोबाच्या वाडीतली भाड्याची खोली सोडली. घरमालकीण काकूंनी विजेचं बिल वजा करून अनामत परत दिली, नोटा दोनदा मोजून. भिंतीवर २०१९ च्या महापुराची रेघ आहे, माझ्या खांद्याच्या वर. कितीदा रंग दिला तरी पावसाळ्यात ती उमटतेच. "ही काय तुमची नव्हे," म्हणाल्या, आणि रंगाचे पैसे कापले नाहीत. मला एकदम भरून आलं.

इथं पुरात दक्षिणद्वार सोहळा होतो, तेव्हा कृष्णेचं पाणी उत्तरेच्या दारानं दत्ताच्या देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. मीही त्या खोलीतून तसाच वाहून गेलो का? माझी रेघ कुठं राहिली असेल? संगमावर बराच वेळ बसलो. पैसे पुरते मिळालेत. हात मात्र खिशात अजून किल्लीच शोधतोय.