डिकी वर, कौलं खाली!

शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाला दोनच गोष्टी सुचतात. एक, नोकरी सोडावी. दोन, कोकणात जावं. पहिली गोष्ट होमलोन करू देत नाही. म्हणून मग आपण दुसरी करतो!

यावेळी निमित्तही होतं. दोन महिन्यांपूर्वी नवी गाडी घेतली होती. सनरूफ, भलामोठा टचस्क्रीन आणि सगळ्यात भारी म्हणजे ऑटोमॅटिक डिकी. किल्ली खिशात असली की झालं. मागच्या बंपरखाली नुसता पाय हलवायचा... खुल जा सिमसिम! अर्ध्या सोसायटीला हा डेमो देऊन झाला होता.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी पहाटे आई, बायको आणि मी निघालो. ताम्हिणी घाट उतरून माणगाव, मग मंडणगड करत दापोली. मुक्काम मुरुडला. जंजिऱ्याचं मुरुड नव्हे हं, हे हर्णैजवळचं. महर्षी कर्व्यांचं मुरुड.

नारळी-पोफळीच्या वाडीत लपलेलं जुनं घर. जांभ्या दगडाच्या भिंती, सारवलेलं अंगण, पुढे पडवी आणि तिच्यावर मंगळुरी कौलांचं उतरतं छप्पर. ते इतकं खाली येतं, की पावणेसहा फुटी माणसाला मान वाकवूनच आत जावं लागतं. या भागात वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. आडवी झड भिंतीवर येऊ नये म्हणून वळचण अशी खाली ठेवतात. इथे घरात शिरताना प्रत्येकजण आपोआप नम्र होतो. माझी डिकी सोडून!

झालं असं, की पावसाची भुरभुर सुरू झाली. आईला भिजायला नको आणि सामानही पटकन उतरवता येईल, म्हणून मी गाडी रिव्हर्स घेत थेट पडवीला लावली. कॅमेऱ्यात पायरी स्पष्ट दिसत होती. छान हातभर अंतर राखलं. आई वळचणीखाली उभी राहून पिशवीची वाट बघत होती. तेवढ्यात आतून काकूंनी हाक मारली, ‘‘या हो आत, चहा टाकलाय.’’ आई वळली. दोन्ही हातांत बॅगा असलेल्या मी ऐटीत पाय हलवला.

टुंग... घुर्रर्र... कडाड!

तीन कौलं खाली आली. आई अर्ध्या मिनिटापूर्वी जिथे उभी होती, बरोबर त्याच पायरीवर त्यांचे तुकडे झाले.

डिकीच्या काठाला वीतभर ओरखडा आला होता, पण तो मला नंतर दिसला. आधी हातातल्या बॅगाच गळून पडल्या. आई काही बोलली नाही. नुसती पायरीकडे बघत राहिली. काका बाहेर आले. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलं, त्यात त्यांचं अख्खं छप्पर उडालं होतं. नंतर एकेक कौल जमवून त्यांनी ते पुन्हा शाकारलं होतं. आणि मी काय केलं? पाय हलवला!

मी सॉरी म्हणायला लागलो, तर काका म्हणाले, ‘‘अहो, कौलं काय, पुन्हा बसतील. माणसं धड आहेत ना? गाडी तुमची हुशार आहे हो, पण तिला वर डोळे नाहीत.’’

एकदम पटलं! रिव्हर्स कॅमेरा जमीन दाखवतो, छप्पर नाही. ‘पण डिकीला सेन्सर असतो ना?’ असं तुम्ही म्हणाल. असतो. अडथळा लागला की डिकी थांबते, मागेही फिरते. पण ‘लागला की’! म्हणजे आधी धडक, मग अक्कल. ती सोय मुख्यतः कुणाची बोटं चिरडू नयेत म्हणून असते. कौलं वाचवणं हे तिचं काम नाही. आणि बोटांच्या बाबतीतही तिची परीक्षा घ्यायला जाऊ नये.

त्या रात्री समुद्राची गाज ऐकत मी मोबाईलवर गाडीचं मॅन्युअल वाचलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच! त्यात कळलं, की डिकी किती वर जायची ते आपण ठरवू शकतो. हवी त्या उंचीवर ती थांबवायची आणि डिकीवरचंच बटण काही सेकंद दाबून धरायचं. बीप वाजला, की ती उंची गाडीच्या लक्षात राहते. काही गाड्यांत हेच टचस्क्रीनवरून करता येतं.

सकाळी अंगणात मोठ्या रुबाबात सेटिंग केलं. काका काठी घेऊन बघत होते. म्हणाले, ‘‘उंची झाली. पण ही उघडताना आधी मागे येते, मग वर जाते. त्याचं काय?’’ खरंच की! बंद गाडीमागे हातभर जागा दिसते, पण उघडताना डिकी त्याहून बरीच मागे झुकते. काकांनी काठीने मातीत रेघ ओढली. ‘‘या रेघेच्या पुढेच गाडी लावायची.’’ एवढं सोपं सेटिंग कुठल्याच मॅन्युअलमध्ये नव्हतं!

दापोलीला जाऊन सहा कौलं आणली, तीन बसवायला आणि तीन जादा. त्याच डिकीतून! काकांनी शिडी लावली, मी खालून कौलं दिली. मग हर्णैला जाऊन बंदरावरून सुवर्णदुर्ग पाहिला. 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक. तिथून आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला. तिथे चढावर गाडी लावली, डिकी उघडली आणि काकूंनी दिलेले नारळ टणाटण उड्या मारत उताराला लागले. धडा नंबर दोन!

सोमवारी ऑफिसच्या बेसमेंटमध्ये गाडी लावली आणि पहिल्यांदाच मान वर करून पाहिलं. डिकीच्या बरोबर वर स्प्रिंकलरचा पाइप होता. प्रवेशावरच्या बोर्डावर जी उंची लिहिलेली असते ती बंद गाडीसाठी, उघड्या डिकीसाठी नव्हे. इतके दिवस वाचलो ते नशिबानेच!

ओरखडा अजून तसाच ठेवलाय. निघताना काका म्हणाले होते, ‘‘पुन्हा या. फक्त वाकून या.’’

तुमच्याकडेही ऑटोमॅटिक डिकी आहे?

• बटण दाबण्याआधी वर बघा, मागे बघा आणि जवळ कोण उभं आहे तेही बघा.

• घरच्या पार्किंगमधल्या सर्वात कमी उंचीप्रमाणे डिकीचं सेटिंग करून ठेवा.

• डिकी चालू असताना बटण पुन्हा दाबलं की बहुतेक गाड्यांत ती थांबते. घरातल्या सगळ्यांना हे दाखवून ठेवा.

• गाडी धुताना किल्ली घरात ठेवा किंवा पायाचा सेन्सर बंद करा. बंपरवरच्या पाण्यानेही डिकी उघडू शकते.

• किल्ली घट्ट जीन्सच्या खिशात किंवा भरलेल्या पर्समध्ये कोंबू नका. बटण आपोआप दाबलं जातं.

• चढावर डिकी उघडताना सामानासमोर उभे राहू नका. नारळ ऐकत नाहीत!